मापाची वही

मे महिन्यात मस्कतला जायचं ठरलं तेव्हा शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "उन्हातून उठून उन्हात कायले जाता वं? लोक मनालीले जातात." त्यांचं चुकलं नव्हतं. सौंसरचा मे महिना ज्याने पाहिला आहे, त्याने पैसे खर्च करून आणखी ऊन विकत घेऊ नये. पण आत्या तिथे अकरा वर्षांपासून नर्स आहे. तिची रजा मेमध्ये मंजूर झाली, माझी परीक्षा एप्रिलअखेर संपली, धाकट्याची शाळा बंद झाली. आई, बाबा, धाकटा अन् मी, चौघांचंही हे पहिलंच विमान.

तिकिटं निघाली त्याच रात्री मी हॉस्टेलवर बसून फोनमध्ये यादी केली. दोन को-ऑर्ड सेट, एक लिननचा हिरवा ड्रेस, एक सैल पँट, टोपी. सगळं ऑनलाइन मागवलं. पत्ता हॉस्टेलचा दिला, घरचा नाही.

कारण सांगायला पाहिजे. माझे बाबा टेलर आहेत.

सौंसरला त्यांचं लहानसं दुकान आहे. एकेकाळी लग्नसराईत आमच्या घरी रात्री दोनपर्यंत मशीन चालायची. आता लोक रेडीमेड घेतात अन् बाबांकडे फक्त लांबी कमी करायला आणतात. शाळेचे युनिफॉर्म, ब्लाऊज, बदललेल्या चेन, यावर दुकान चालतं. दहावीच्या निरोप समारंभाला बाबांनी मला गुलाबी ड्रेस शिवला होता. एका मुलीने विचारलं, "घरी शिवला का?" तिच्या मनात काही नसेलही. पण त्यानंतर मी बाबांना माप दिलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही.

घरी आले तर बॅगांचं युद्ध सुरू होतं. माणशी तीस किलो म्हणजे खूप वाटतं. पण आईने एक अख्खी बॅग आत्यासाठी राखून ठेवली होती: कुरडया, पापड, सांडगे, लोणचं, ज्वारीचं पीठ. धाकट्याची अन् माझी मिळून एकच बॅग. मी माझे कपडे पलंगावर मांडत होते, तेवढ्यात बाबा आत आले. हिरव्या ड्रेसचं टोक त्यांनी अंगठा अन् बोटाच्या मधे धरलं. मग आतल्या शिवणीतून एक धागा ओढला अन् काडी पेटवली.

धागा जळला नाही. आक्रसला, वितळला, त्याचा काळा कडक मणी झाला. प्लॅस्टिकचा वास आला. मग त्यांनी आईच्या जुन्या सुती साडीचा धागा पेटवला. तो कागदासारखा जळला अन् राख फुंकरीने उडाली.

"नाव लिनन आहे, बाई," बाबा म्हणाले. "कापड पॉलिस्टर."

परत करायची मुदत संपून गेली होती. मला वाटलं आता बोलतील. ते फक्त म्हणाले, "मले सांगाचं होतं ना," अन् दुकानात गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मीच दुकानात गेले. आत्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला. ती म्हणाली, तिथेही पारा चाळिसाच्या आसपास असतो, पण तुमच्यासारखं कोरडं ऊन नाही. समुद्र आहे, घाम वाळतच नाही. खांदे अन् गुडघे झाकलेले बरे. मोठी मशीद पाहायची असेल तर मुलींना मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकावं लागतं अन् डोक्यावर ओढणी. "आणि एक स्वेटर आण," ती म्हणाली. आम्ही हसलो. पण ती खरंच सांगत होती. तिथल्या एसीत माणूस गारठतो.

"मग तर आणखी गरम होईल," मी म्हटलं. बाबांनी मान हलवली. त्यांच्या मते ऊन लागतं ते तंग कपड्याने. कापड अंगापासून सुटं पाहिजे, आत वारा खेळला पाहिजे. मी नंतर शोधलं तर हेच शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलेलं निघालं. वाळवंटातले बदाऊनी लोक काळे झगे का घालतात, यावर 1980 मध्ये 'नेचर'मध्ये एक लेख आला होता. झगा काळा असो की पांढरा, अंगापर्यंत पोचणारी उष्णता सारखीच भरली. काळं कापड जास्त तापतं, पण सैल झग्याच्या आत फिरणारी हवा ती जादा उष्णता बाहेर घेऊन जाते. आमच्या आजोबांनी धोतर-सदरा घालून कापूस वेचला, त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

वर्गात शिकलेली आनंदीबाई जोशीही मला तेव्हा आठवली. 1883 साली ती कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाली, तेव्हा तिचाही प्रश्न कपड्यांचाच होता, फक्त उलटा. तिला थंडी होती. नऊवारीत पाय उघडे राहतात, म्हणून तिथे ती गुजराती पद्धतीने साडी नेसू लागली. नेसण बदललं, साडी सोडली नाही. 1885 च्या त्या प्रसिद्ध फोटोत ती परदेशी मैत्रिणींसोबत साडीतच बसली आहे.

दुसऱ्या दिवशी बाबा अन् मी पांढुर्ण्याला कापड आणायला गेलो. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर छिंदवाड्यातून त्यात आलं, पण बाबांसाठी पांढुर्णा म्हणजे आधीपासूनच कापडाचं दुकान. बसमध्ये ते म्हणाले, "बोरगावले रेमंडच्या गिरणीत सुटाचं लोकरी कापड बनते, अन् आपण मलमल शोधाले चाललो." पांढरी मलमल, निळी कॅम्ब्रिक, एक बदामी जाडसर सुती कापड, एवढं घेतलं. घरी आल्यावर सगळं आधी पाण्यात बुडवलं. "कापड पहिले धुवा लागते. नाही तर तिथं जाऊन आटते."

तीन वरचे, दोन खालचे, अन् सगळे एकमेकांवर चालणारे. म्हणजे पाच कपड्यांत सहा जोड्या. एक मोठी सुती ओढणी: रस्त्यावर उन्हासाठी, मशिदीत डोक्यावर, एसीत शालीसारखी. अन् सगळ्यांना खिसे. मुलींच्या रेडीमेड कपड्यांना खिसे नसतात याबद्दल मी वर्षानुवर्षं बडबडत आले आहे, अन् घरात टेलर असून एकदाही मागितले नव्हते. पासपोर्टसाठी बाबांनी आतून एक चोरखिसा दिला. चार रात्री मशीन चालली. मी काज-बटणाला बसले. त्या चार रात्रींत आम्ही जेवढं बोललो, तेवढं गेल्या चार वर्षांत बोललो नव्हतो.

निघायच्या दोन दिवस आधी आईने बाबांची पिशवी उघडली. तीन शर्ट. तिन्हींची कॉलर उलटवलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॉलर घासून विरली की टेलर ती उसवतो, उलटी करतो अन् पुन्हा लावतो. बाहेरून नवी दिसते. मी कधी लक्ष देऊन पाहिलंच नव्हतं.

"तिथं मले कोण पाहते?" बाबा म्हणाले.

मी मापाची वही काढली. 1998 पासूनची ती वही म्हणजे आमच्या गावाचा इतिहास आहे. त्यात मास्तर आहेत, नवरदेव आहेत, आमच्या फादरांचा पांढरा झगा आहे, पहिल्या कम्युनियनच्या मुलींचे फ्रॉक आहेत. वारलेल्या लोकांच्याही छात्या-खांदे तिथे जिवंत आहेत. बाबांचं नाव कुठेच नव्हतं.

मी टेप घेतला. "सरळ उभे राहा." ते अवघडून उभे राहिले. छाती 36. लांबी 28. खांदा मोजताना माझा हात थांबला. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. मशीनवर वाकून वाकून झालेला. बाबांना आरशात दिसलं मी काय पाहते आहे ते.

"थे नको लिहू," ते म्हणाले.

मी नाही लिहिलं.

मस्कतला रुवीच्या चर्चमध्ये आम्ही शुक्रवारी मिस्सा ऐकली. तिथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारची गर्दी शुक्रवारी असते. बाबांनी नवा बदामी शर्ट घातला होता. दुसरं बटण थोडं वाकडं होतं, ते मी लावलेलं. मत्रहच्या बाजारात एका टेलरने त्यांना ओमानी पुरुषांचा पायघोळ दिशदाशा दाखवला अन् गळ्याशी लोंबणारा गोंडा दाखवला, ज्याला ते अत्तर लावतात. दोघांची भाषा जुळत नव्हती. बाबांनी बाहीचं टोक अंगठा अन् बोटाच्या मधे धरलं अन् मान डोलावली. तो टेलर हसला. त्याला कळलं.

आत्याच्या एका मैत्रिणीने मला विचारलं, ड्रेस कुठून घेतला. मी म्हटलं, "घरी शिवला."

परत आल्यावर एक दिवस मी दुकानात वही चाळत बसले होते. बाबांच्या नावाखाली, माझ्या अक्षरातल्या आकड्यांच्या शेवटी, त्यांच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: उजवा खांदा अर्धा इंच खाली.