गळाला लागले ती मीच!

रविवारी पहाटे पाचला उठून कणीक मळणारी मुलगी! आईच्या दृष्टीने पोरगी एकदाची मार्गाला लागली. पण हा आनंद जेमतेम दोन मिनिटं टिकतो. कारण त्या कणकेत मी शेंगदाण्याची पेंड कुस्करते, चिमूटभर हिंग घालते आणि वर व्हॅनिला इसेन्सचे चार थेंब.

"हे खाणार कोण?"

"रोहू, आई."

"त्यांचे लाड बघा! माझ्यासाठी कधी चहा टाकलास?"

सोमवार ते शनिवार मी क्लायंट, कॉल आणि एक्सेल शीटची. रविवारची सकाळ मात्र पवई तलावाची. पवई म्हटलं की लोकांना आयआयटी आणि चकाचक टॉवर आठवतात. ब्रिटिशांनी हा तलाव १८९१ च्या सुमारास मुंबईला पिण्याचं पाणी द्यायला बांधला आणि मग ते पाणी पिण्याजोगंच निघालं नाही! अर्थात इथे वाटेल त्याने उठून गळ टाकायचा नाही, त्यासाठी रीतसर परवानगी लागते.

तलाव म्हणजेही एक टॉवरच. वरच्या मजल्यावर कटला, मोठ्या डोक्याचा, तोंड वर वळलेलं. मधल्या मजल्यावर रोहू. तळमजल्यावर मृगळ. कोण हवाय त्यावर आमिष किती खोल सोडायचं ते ठरतं. आणि ही सगळी मंडळी महाचिकित्सक! यांच्या जबड्यात दात नसतात, ते असतात घशात. त्यामुळे ती आमिषाला कचकन चावत नाहीत. आत ओढतात, चाखतात, पटलं नाही तर थुंकून मोकळी होतात. फ्लोट जरासा हलतो, तुमचं काळीज उडी मारतं आणि पुन्हा सगळं शांत. असं तीन-तीन तास. ऐकूही फार छान येतं त्यांना. हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत हाडांची छोटी साखळी असते. म्हणून काठावर पाय आपटत चाललं की आमचे काका डोळे वटारतात.

हे काका माझे कोणी नव्हेत. निवृत्त आहेत, फोल्डिंग खुर्ची आणि थर्मास घेऊन येतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा प्रत्येक जण विचारत होता, "मॅडम, मिस्टर कुठायत?" काकांनी फक्त विचारलं, "दोरी किती पौंडाची लावलीस?" तेव्हापासून मी त्यांच्या शेजारी बसते. (मुलींसाठी बाथरूमचा प्रश्न या छंदात भयंकर आहे, त्यावर कोणी लिहीत नाही म्हणून लिहून टाकते.)

मी मासा पकडते आणि सोडून देते. आसपासचं सांडपाणी वर्षानुवर्षं या तलावात येत आलंय, जलपर्णी माजते. तिथला मासा खायचा तरी कसा? शिवाय सोडून देण्यात आपण फार थोर आहोत असंही वाटतं. वाटायचं.

गेल्या नोव्हेंबरात रीळ किंचाळलं. काठी वाकली, दोरी सुसाट. वीस मिनिटं ओढाताण, मनगटं भरून आली आणि जाळ्यात आला साडेचार किलोचा रोहू. लालसर झाक असलेले खवले, उन्हात तांब्याच्या भांड्यासारखे! मी वेडी झाले. एक सेल्फी. मग दोघांबरोबर फोटो. मग व्हिडिओ. "एकदा परत घे ना, चेहऱ्यावर लाइट नाही आला!" मधल्या वेळात मासा कोरड्या, तापलेल्या सिमेंटवर.

मग थाटात पाण्यात सोडला. तो उलटा झाला. पांढरं पोट वर.

काका खुर्चीतून उठले. जाळं त्याच्याखाली घालून त्यांनी त्याला सरळ धरला, हलवत राहिले. पवईत मगरी आहेत, ही अफवा नाही, त्यामुळे पाण्यात उतरून धरणंही शक्य नव्हतं. पंधरा मिनिटं. कल्ले दोनदा उघडले, मग नाही.

"पोरी, तू किती वेळ श्वास रोखू शकतेस?" काका एवढंच म्हणाले.

मी रडले. हसू नका! सुरमईच्या तुकड्या पाडताना माझ्या डोळ्यांतून कधी टिपूस आलं नव्हतं. पण सुरमईला मी 'सोडते हं' असं सांगितलेलं नव्हतं.

टाकून द्यायचा नाही म्हणून घरी आणला. आईचं माहेर वेंगुर्ल्याचं. "गोड्या पाण्यातला मासा माझ्या तव्यावर नको." शेजारच्या बंगाली काकू रोहूसाठी जीव टाकणाऱ्या. त्यांनी पिशवी उघडली, चेहरा फुलला. "कुठला गं?" "पवईचा, काकू." त्यांनी पिशवीचं तोंड हळूच बंद करून माझ्या हातात दिली. रात्री वॉचमनकडून फावडं घेऊन मी तो सोसायटीच्या नारळाखाली पुरला. साडेचार किलो. कोणाच्याच पोटात गेला नाही.

दोन महिने तलावाकडे फिरकले नाही. नंतर गेले ती ओला टॉवेल आणि लांब चिमटा घेऊन. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकलाय, त्यामुळे गळ पटकन निघतो. मासेही जास्त निसटतात, ते ठीक आहे. मोबाइल काकांच्या थर्मासच्या पिशवीत.

परवाच्या रविवारी मृगळ लागला, दीडेक किलोचा. जाळं पाण्यातच ठेवून गळ काढला, टॉवेलवर क्षणभर उचलला. काका मोठ्याने आकडे मोजत होते. आठला तो पाण्यात होता आणि जाताना शेपटीने माझा चश्मा भिजवून गेला.

सोमवारी ऑफिसात सांगितलं. "फोटो दाखव." म्हटलं, नाहीये. कोणीही विश्वास ठेवला नाही.