नऊ पट्ट्यांमधली पाचवी

"सरासरी १३७८ रुपये क्विंटल पडली की, आप्पा!" मी पुण्याहून फोनवर म्हणालो. २०२३ची दिवाळी तोंडावर आली होती. निफाड तालुक्यातल्या आमच्या कांदाचाळीतला शेवटचा उन्हाळ कांदा आठवड्यापूर्वीच लासलगावच्या लिलावात ४१५० रुपयांनी गेला होता. घरी आनंदीआनंद असणार, अशा समजुतीत मी होतो.

आप्पा जरा थांबले. मग म्हणाले, "तेराशेच्या वर मला किती वेळा मिळाले, ते बघ."

दोनदा. नऊ खेपांपैकी फक्त दोनदा. एक ती ४१५०ची आणि दुसरी ऑगस्टातली, निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागायच्या आधीची, १९८०ची. बाकी सात ट्रॉल्या ६४० ते १२६०च्या दरम्यान गेल्या होत्या. एकट्या ४१५०ने सगळी सरासरी कॉलर धरून वर ओढली होती.

दहावीला मध्य, मध्यक, बहुलक असं त्रिकूट होतं. मी ते मार्कांपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. आता त्यातला मध्यकच कामाचा दिसत होता. आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि बरोबर मधला उचलायचा. टोकाचा भाव ४१५० असो की ४१,५००, मध्यक जागचा हलत नाही.

नोकरीत पायथन ही संगणकभाषा रोज वापरतो, तेव्हा हे माझ्यासाठी एका ओळीचं काम होतं. २०१४च्या ३.४ आवृत्तीपासून पायथनसोबत स्टॅटिस्टिक्स नावाचं मॉड्यूल आयतंच येतं आणि त्यात मध्यक काढणारं मीडियन हे फंक्शन आहे. दिवाळीला घरी गेलो तो लॅपटॉप घेऊनच. पुतणीने आप्पांच्या वहीतले भाव मोबाइलवर उतरवून ठेवले होते, तेही मराठी कीबोर्डवर, देवनागरी अंकांत. फाइल उघडली, ओळी वाचल्या, मीडियनच्या हवाली केल्या. उत्तर आलं ६४०.

तोवर आप्पांनी नऊ खेपांच्या हिशोबपट्ट्या खाटेवर काढल्या होत्या. पत्ते लावावेत तशा त्यांनी त्या लहान भावापासून मोठ्या भावापर्यंत ओळीने मांडल्या आणि डावीकडची एक, उजवीकडची एक अशा जोडीजोडीने उचलू लागले. शेवटी खाटेवर एकच पट्टी उरली. ९०५.

"तुझं मशीन काय म्हणतंय?"

"६४०."

"तो तर मे महिन्यातला सगळ्यात पडका भाव!"

खरंच होता. कांदा विकणाऱ्या माणसापुढे सगळ्यात पडका भाव मधला म्हणून ठेवणं, याहून मोठी फजिती नाही. खाली मान घालून शोधायला बसलो. फाइलमधून वाचलेले आकडे पायथनच्या लेखी आकडे नव्हतेच, ती अक्षरं होती. अक्षरांचा क्रम शब्दकोशासारखा लागतो, पहिल्या अक्षरावरून. म्हणून ११५०, १२६०, १९८०, ४१५० हे हजारवाले आधी लागले आणि ६४०, ७१५, ७८०, ८२०, ९०५ हे शेकडेवाले मागे गेले. पाचव्या जागी ६४० येऊन बसला.

चुकीपेक्षा मला तिचा गुपचूपपणा खटकला. पट्ट्या सम असत्या तर मधल्या दोन भावांची बेरीज करून दोनने भागावं लागलं असतं. अक्षरांना दोनने भागता येत नाही, म्हणजे पायथनने तिथेच टाइपएरर दिला असता. पट्ट्या विषम निघाल्या, म्हणून त्याने निमूट मधला उचलून हातावर ठेवला.

देवनागरी अंकांचं आता काय करायचं, म्हणून पुतणीवर चिडणार होतो. पण अक्षरांचे आकडे करणारं पायथनचं इंट हे फंक्शन देवनागरीतल्या ६४०लाही बिनतक्रार सहाशे चाळीस मानतं. प्रत्येक ओळीला इंट लावलं आणि उत्तर आलं ९०५. लॅपटॉप खाटेच्या बरोबरीला आला.

एवढ्यात वहीच्या पुठ्ठ्यात अडकलेली दहावी पट्टी सापडली. जूनची, १०१०ची. आता आप्पांच्या हातात शेवटी दोन पट्ट्या उरल्या आणि माझ्याकडे ९५७.५.

"साडेनऊशे सत्तावन्न? या भावाने मी कांदा विकला कधी?"

"साडेनऊशे सत्तावन्न नाही, नऊशे साडेसत्तावन्न," मी म्हणालो, पण मुद्दा त्यांचाच बरोबर होता. त्यासाठी मीडियन लो आहे, ते मधल्या दोघांतला लहान, खरोखर मिळालेला भाव देतं. ते चालवून ९०५ दाखवला. आप्पांचं समाधान झालं नाही.

"सगळ्या खेपा सारख्या होत्या का रे?"

मेमधल्या खेपा २२ आणि २४ क्विंटलच्या होत्या, ऑक्टोबरची अवघी ६ क्विंटलची. पाच महिन्यांत चाळीतला कांदा वजनाला घटतो, कोंब फुटतात, सडतो. भाव चढत जातो तसा माल आटत जातो. मी मात्र सगळ्या पट्ट्यांना सारखंच मत दिलं होतं. खरं तर मत पट्टीला नव्हे, क्विंटलला द्यायला हवं होतं. पायथनमध्ये यादीला २२ने गुणलं की तिच्यातला आकडा २२ वेळा येतो. तसं प्रत्येक भावाचं केलं. दहा पट्ट्यांचे १६० आकडे झाले आणि मध्यक आला ८२०. फोनवर मी १३७८ म्हणालो होतो.

आता तरी सुटलो असं वाटलं, तर आप्पा वहीच्या कोपऱ्यात गुणाकार करत होते. ८२० गुणिले १६०, म्हणजे १,३१,२००. पट्ट्यांवर हमाली-तोलाई कापायच्या आधीची बेरीज १,६७,४६०. "मग हे ३६,२६० कोणी खाल्ले?"

कोणीच नाही. मध्यकाला गुणून गल्ला निघत नाही, त्याला सरासरीच लागते, आणि तीही वजनाने काढलेली: १०४६ रुपये आणि वर काही पैसे. माझी फोनवरची सरासरी त्या हिशोबानेही चुकीचीच होती.

आप्पांनी वहीत दोन्ही आकडे लिहिले, "पडता १०४६, मधला ८२०", आणि फडताळातून २०२२ची वही काढून पुतणीपुढे ठेवली. ती मोबाइल घेऊन बसली. कीबोर्ड अर्थातच मराठी.