ठोशानंतरचं पाऊल

आसगावच्या पानठेल्यावर दर हंगामात कोणीतरी मला विचारतोच, "फौजीसाहेब, बारका गडी चपळ असला तर जाड्याले हाणू शकते का?" विचारणाऱ्याला खरं तर उत्तर नको असतं, "हो" हवं असतं. आमच्या चौरास पट्ट्यातला माणूस मुळातच बारक्याच्या बाजूचा. धानाला भाव मिळो न मिळो, कुठे बारका जिंकल्याचं ऐकलं की त्याचा दिवस बरा जातो. मीही इतकी वर्षं "हो" म्हणत आलो. मी स्वतः फौजेत बॉक्सिंगच्या सर्वांत हलक्या वजनगटात लढलो, त्यामुळे माझ्या "हो"मध्ये स्वार्थ होताच.

यंदा मात्र प्रश्न पानठेल्यावर राहिला नाही. दिवाळीनंतरच्या मंडईची, म्हणजे गावजत्रेची, मंडळी घरी आली. रात्री नाटक आहेच, दुपारी तुमच्या पोट्ट्यांची एक जोड लावा म्हणाली. एक बारका, एक जाडा. पब्लिक तुटून पडेल. जोडही त्यांनीच ठरवून आणली होती. बारका म्हणजे माझ्याकडचा ५१ किलोचा पोरगा, जाडा म्हणजे राइस मिलवर चाळीस किलोचा कट्टा एका झटक्यात खांद्यावर घेणारा, ८२ किलोचा. विचार करून सांगतो म्हणालो. तेव्हापासून विचारच चालला आहे.

हाताच्या चपळाईचं कौतुक जरा जास्तच होतं. बारका दोन ठोसे मारेपर्यंत जाड्याचा एक निघतो, म्हणजे बारका पुढे, असा हिशेब बाहेर बसलेला माणूस करतो. आत उभ्या माणसाची अडचण वेगळी असते. जाड्याचा पल्ला लांब. त्याच्यापर्यंत पोहोचायचं तर मधली एक पट्टी ओलांडावी लागते, आणि त्या पट्टीत मार फक्त त्याचाच लागतो. ती ओलांडणं शिकवता येतं. खोटा जॅब, डोकं बाहेरच्या बाजूला, पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर. ५१ किलोचा पोरगा हे असं करतो की मला त्याचा हेवा वाटावा.

माझं घोडं अडलं आहे ते बाहेर येण्यावर.

पोरगा आत जातो, बरगडीखाली डावा हुक बसवतो, वर उजवा ठेवतो. मग पापणी लवेल एवढा वेळ तिथंच राहतो. मी त्याच्या हाताकडे बघणं सोडून दिलंय, मागच्या पायाची टाच बघतो. हुक मारताना ती उचललेली असते. ठोसा लागला की टाच जमिनीला टेकते, हनुवटी दोन बोटं वर येते आणि उजवा हात गालाशी परतण्याऐवजी छातीशी रेंगाळतो. तिन्ही गोष्टी एकदम होतात. त्या क्षणी समोरच्याला काही कला लागत नाही. त्याचा हात नुसता घरी परतत असला तरी वाटेत हे डोकं सापडतं.

त्या टाचेपायी मी काय काय केलं! खडूच्या रेघा मारल्या, छातीच्या उंचीवर दोरी बांधली, ठोसा मारताच त्याच्या कानावरून पॅड फिरवला. आठवडाभर ठोसा मारूच दिला नाही. फक्त आत जा आणि कोन बदलून बाहेर ये. माझा गुडघा धड असता तर करून दाखवलं असतं. आता गुडघा वळत नाही आणि तोंडाने सांगितलेलं पायाला कळत नाही. शेवटी म्हणालो, रोवणीच्या दिवसात आईला बांधीत नीट बघ. चिखलात पाय आपसूक जातो. खरं कसब तो काढण्यात आहे, तेही मागे सरकत, लावलेल्या रोपाला धक्का न लावता. पोरगा रागावला. "काकाजी, मी बॉक्सिंग शिकाले येतो, रोवणी नाही." पुढचे काही दिवस मात्र टाच वर राहिली. मग परत टेकू लागली.

का टेकते, हे मला माहीत आहे. त्याला बघायचं असतं. आपला ठोसा लागल्यावर त्या मोठ्या चेहऱ्याचं काय होतं, ते डोळे भरून बघायचं असतं. हलक्या गटातल्या आम्हा सगळ्यांची ही भूक. जड माणसाने जड माणसाला पाडलं तर लोक टाळ्या वाजवतात. बारक्याने त्याला नुसतं मागे सरकवलं तरी ओरडतात. ती ओरड कानावर आली की पायाला बाहेर निघावंसं वाटत नाही. माझ्या बैठकीत एक फोटो आहे. माझा डावा हुक माझ्यापेक्षा हातभर उंच गड्याच्या जबड्यावर बसलेला आणि त्याचं तोंड वाकडं झालेलं. आल्यागेल्या प्रत्येकाला तो मी दाखवलाय. सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यांनाही, ज्यांना बॉक्सिंगशी काही देणंघेणं नव्हतं. कॅमेऱ्याने पुढचा क्षण टिपला नाही, हे त्याचे माझ्यावर उपकार. अजूनही त्या भिंतीवरून जाताना मान थोडी ताठ होते.

या रोगाचा सर्वांत मोठा रुग्ण बिली कॉन. १८ जून १९४१, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, समोर जो लुई. कॉनने लाइट हेवीवेटचं विजेतेपद सोडून ही लढत घेतली होती. कागदावर तो ७९ किलो, लुई ९०. बारा राउंड त्याने लुईला नाचवलं. दोन पंचांच्या कागदावर कॉन पुढे, तिसऱ्याकडे बरोबरी. उरलेले तीन राउंड नुसतं फिरत राहिला असता तरी जगज्जेता झाला असता. बाराव्यात लुईला हादरवल्यावर मात्र त्याला नॉकआउट हवासा वाटला. कोपऱ्यातली माणसं नको म्हणत होती, तरी तेराव्यात तो भिडला. राउंड संपायला दोन सेकंद उरली असताना रेफ्रीची मोजणी पूर्ण झाली. त्याच्या हातात आणि फुफ्फुसात काही कमी पडलं नव्हतं. बाहेर यायची इच्छा संपली होती.

मंडईची मंडळीही तयारीने आली होती. एकाने मोबाइलवर उसिकची लढत काढून माझ्यासमोर धरली. मे २०२४ मध्ये रियाधला उसिकने फ्युरीला हरवलं, हे खरंच. नवव्या राउंडला फ्युरी दोरांवर लोंबकळत होता. पण वजनं बघा: उसिक १०१ किलोच्या आसपास, फ्युरी ११९. रॉय जोन्सने २००३ मध्ये रुइझला गुणांवर हरवलं, तेव्हा ८७ विरुद्ध १०२. हे बारके नव्हेत, थोडे कमी मोठे. फ्युरी उसिकपेक्षा सहाव्या हिश्श्याहून थोडा जड होता. माझा मिलवाला माझ्या ५१ किलोच्या पोरापेक्षा दीडपटीहून जड आहे. एवढ्या फरकाच्या जवळ जाणारी एकच मोठी लढत मला आठवते: २००९ ची, डेव्हिड हे आणि सात फुटी वालुएव्ह, ९८ विरुद्ध १४३ किलो. डेव्हिड हे जिंकला, तेही तीनपैकी एका पंचाने बरोबरी दिली असताना. बारा राउंड तो टोचून पळत राहिला आणि वालुएव्हला रिंग कापता, म्हणजे त्याची पळायची वाट अडवता, येत नव्हती.

रिंग कापणारा जड माणूस मिळाला तर काय होतं, हे मायकेल स्पिंक्सला विचारावं. १९८५ मध्ये लॅरी होम्ससारख्या अपराजित हेवीवेटला त्याने पंधरा राउंडमध्ये गुणांवर हरवलं. लाइट हेवीवेटचा चालू विजेता हेवीवेटचा विजेता झाला, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. तीन वर्षांनी टायसनसमोर तोच माणूस ९१ सेकंद टिकला. मोकळी जागा संपली की चपळाईचं काय करायचं?

कुस्त्यांच्या दंगलीतली जुनी मंडळी इथे मला थांबवतात. म्हणतात, वजनाचं काय घेऊन बसलात, गामा बघा. गामा पावणेसहा फुटांच्या आत आणि रहीम सुलतानीवाला सात फुटांच्या घरात. तरी गामाला तो पाडू शकला नाही आणि शेवटी बाजी गामाचीच ठरली. मान्य. पण कुस्तीत धरायला काहीतरी असतं. ढाक लागली की जड माणसाचं वजनच त्याला घेऊन जातं. बॉक्सिंगमध्ये त्याचं वजन आपल्या कामी कधीच येत नाही. उलट क्लिंचमध्ये तो मानेवर रेलतो आणि दोन राउंडमध्ये आपल्या पायातला जीव काढून घेतो. शिवाय ढाकेसाठीच नावाजलेले खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले ते बँटमवेटमध्ये. वजनगटच नसते तर गोळेश्वरच्या त्या बुटक्या पैलवानाला हेलसिंकीचं तिकीट कोणी दिलं असतं? लहान माणसाचा मोठेपणा वजनकाट्याने राखला आहे, हे आम्ही विसरतो.

खालच्या टोकाला तर तीन किलोही फार होतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बायकांचे गट तीनच होते आणि सर्वांत खालचा ५१ चा. मेरी कोम ४८ ची. वर चढून लढली, कांस्य आणलं; उपांत्य फेरीत निकोला अॅडम्ससमोर मात्र अंगाचा फरक दिसला. तीन किलोंनी मेरी कोमचं हे होत असेल, तर एकतीस किलोंची गोष्ट मंडईत करू नये.

आणि जाडे मंद असतात, हा समजही आता टाकावा. आमच्या विदर्भाचं अलीकडचं सर्वांत मोठं नाव नागपूरच्या अल्फिया पठाणचं. २०२१ मध्ये पोलंडच्या किएल्त्सेला ती युवा जगज्जेती झाली ती ८१ किलोवरच्या गटात. पुढच्याच वर्षी कझाकस्तानात तिने तिथल्याच माजी जगज्जेतीला हरवून सुवर्ण घेतलं. जड हातालाही पाय असतात.

हल्ली शहरात जे शिकवतात त्यावर न बोललेलं बरं, पण बोलतोच. पॅडवर टपटप सहा-सात ठोसे, मोबाइल समोर, मागे गाणं. पॅड उलटून मारत नाही, म्हणून ती पोरं ठोशानंतर आरामात उभी राहतात. काहीजण तर पोरांना उपाशी ठेवून, घाम गाळून खालच्या गटात उतरवतात, म्हणजे आपला पोरगा तिथला जाडा ठरेल. बारक्या चपळाचं कौतुक सगळ्यांना. आपल्या पोराला बारका ठेवायला तयार मात्र कोणी नाही.

एवढं असूनही मंडईची जोड मला हवीहवीशी वाटत होती. का ते उघड आहे. आसगावच्या पब्लिकसमोर माझा शिष्य जाड्याला नाचवणार, आणि लोक म्हणणार, फौजीसाहेबांनी घडवला. माझा फोटो पुन्हा जिवंत होणार.

मिलवाल्याला विचारलं तेव्हा हा मोह उतरला. दोघांचं सोळा औंसी ग्लोव्हजवर हलकं स्पारिंग चालतं. बारका दरवेळी वरचढ दिसतो आणि घरी जाऊन तसं सांगतो. मी मिलवाल्याला म्हणालो, तो आत थांबतो तेव्हा तुझा उजवा कुठे असतो? तो ग्लोव्हची लेस सोडत राहिला. मग म्हणाला, "त्याची टाच टेकली का मले दिसते, काकाजी. मी हात मांगं घेतो. लहान पोट्टा हाय." माझ्याइतकंच त्यालाही दिसत होतं. माझ्या चपळ शिष्याचे निम्मे विजय याच्या समजूतदारपणावर उभे होते. मंडईत, स्वतःची माणसं कडेला ओरडत असताना, त्याने हात मागे घेतला तर ती लोकांची फसवणूक. नाही घेतला तर पोरगा हॉस्पिटलात.

तर पानठेल्यासाठी उत्तर असं: हो, हरवू शकतो. फरक थोडा असेल, मैदान मोठं असेल, राउंड पुष्कळ असतील आणि ठोसा मारल्यावर निघून जाण्याइतका तो निर्मोही असेल, तर. तीन मिनिटांच्या तीन राउंडमध्ये, दीडपट वजनासमोर, नाही.

मंडईच्या मंडळींनी राग मानू नये. जोड देतो, पण ५१ ला ५१ ची. धान खरेदी केंद्रावरच्या काट्यावर सगळ्यांसमोर वजन करा, मग घंटा वाजवा. मिलवाल्यासाठी त्याच्या वजनाचा गडी भंडाऱ्याहून किंवा नागपूरहून बोलवा. प्रवासखर्च मी देईन.