टायर घासतो कुठे?

स्प्रिंग बदलून माझी फोक्सवॅगन पोलो 35 मिमी खाली बसली आणि तिची 15 इंची चाकं कमानीत फारच आत गेल्यासारखी दिसायला लागली. वळणावर गाडी आता छान बसायची, झुकायची नाही, पण मूळचे 185/60 आर 15 टायर तिथे कमी पडतात हे हाताला कळायचं. तेव्हा 16 इंची अलॉय आणि जरा रुंद टायर घ्यायचं ठरवलं. ही पोलो चाकणच्या कारखान्यातली. 2022 साली भारतात ती बंद झाली, त्यामुळे हिला जपायचं आणि पत्रा कुठेही कापायचा नाही, ही अट मी आधीच घालून घेतली.

नाना पेठेतल्या एका दुकानात 17 इंची, साडेसात इंच रुंदीची मॅगव्हील दाखवली. सुंदर होती. ऑफसेट विचारला तर दुकानदाराने रिम उलटी केली. मागे ईटी 35 कोरलेलं. ‘‘बसतंय साहेब, बिनधास्त घ्या. घासलंच तर स्पेसर टाकू.’’ हे ऐकल्यावर तिथून निघालो. स्पेसर चाकाला बाहेर ढकलतो. टायर आतल्या बाजूला शॉकअपला लागत असेल तर त्याचा उपयोग आहे. बाहेर मडगार्डला लागत असेल तर स्पेसरने तो आणखी लागेल.

खरं तर सगळं गणित कागदाच्या एका तुकड्यावर मावतं. माझं मूळ चाक 6 इंच रुंद, ईटी 40; म्हणजे हबला टेकणारी पाठ रिमच्या मध्यापासून 40 मिमी बाहेर. रिमची बाहेरची कड त्या पाठीपासून साधारण 36 मिमी बाहेर येते. दुकानातल्या चाकाची कड 60 मिमी बाहेर आली असती. तब्बल 24 मिमी जास्त, आणि तेही खाली बसलेल्या गाडीत! मी शेवटी घेतलं ते 16 इंची, 7 इंच रुंद, ईटी 40. ऑफसेट तोच, रुंदी एक इंच जास्त, म्हणून प्रत्येक बाजूला 12.7 मिमी. चाक 15 चं 16 केल्याने घासतं असं लोक समजतात. पण टायरची बाहेरची उंची तीच राहिली तर वाढलेल्या इंचाचा मडगार्डशी काही संबंध येत नाही. 185/60 आर 15 चा व्यास 603 मिमी, 195/50 आर 16 चा 601. वजन पेलण्याचा आकडाही दोन्हींवर 84, म्हणजे टायरमागे 500 किलो. खेळ सगळा रुंदीचा आणि ऑफसेटचा आहे.

आता आतली बाजू. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. चाक आणि शॉकअप एकमेकांना पक्के जोडलेले, दोन्ही बरोबरच वर-खाली होतात. त्यामुळे टायर आणि शॉकअप यांच्यात गाडी उभी असताना जी फट दिसते तीच खड्ड्यातही राहते. जुन्या चाकावर तिथे अंगठा सहज जात होता, नव्यावर करंगळी गेली. तेवढं पुरे.

मागची गोष्ट वेगळी. तिथे टॉर्शन बीम आहे. दोन्ही चाकं एकदम दबली की ती सरळ वर जातात, डोकं आत घेत नाहीत. म्हणजे टायरचा खांदा थेट कमानीच्या कडेवर येणार. उभ्या गाडीकडे बघून याचा काही अंदाज लागत नाही. म्हणून गाडी स्टँडवर चढवली आणि मागचे स्प्रिंग काढून ठेवले. पोलोत ते शॉकअपपासून वेगळे असल्याने हे काम सोपं आहे. चाक चढवलं, बीमच्या टोकाखाली जॅक लावला आणि बंपस्टॉप पुरता दबेपर्यंत हळूहळू वर घेत गेलो. खाली केलेल्या गाड्यांचे बंपस्टॉप सर्रास कापतात; मी मागचे मुद्दाम पूर्ण लांबीचे ठेवले होते, कारण टायर किती वर जाणार ते शेवटी तेच ठरवतात. मग कमानीच्या आतल्या कडेवर व्हाइटनर फासला, मुलीच्या पेटीतली क्ले लायनरवर दाबून बसवली, स्प्रिंग परत घातले आणि आई-बाबांसह सगळ्यांना गाडीत बसवून, डिकीत सामान भरून सोसायटीच्या गतिरोधकांवरून फिरवलं. आईने विचारलं, ‘‘अरे, पण जायचंय कुठे?’’

उत्तर स्वच्छ मिळालं. क्लेवर ओरखडाही नव्हता. व्हाइटनर मात्र मागच्या उजव्या कमानीत, माथ्यापासून जरा मागे, चार बोटं लांबीत पुसला गेला होता. त्याच ओळीत बंपर पत्र्याला मिळतो तिथला स्क्रू. त्याच्या डोक्यावर काळा रबर चढलेला. लांबून कोणी सांगितलं असतं की ‘टायर मोठे झाले’. घासत होती ती एवढीशी कड आणि एक स्क्रू.

डेंटिंगवाले चाचा या कामात जुने. त्यांनी चाक काढून हबला रोलर बसवला, हीट गनने रंग हाताला चटका बसेल इतका गरम केला आणि कड थोडी थोडी वर दाबत गेले. रोलर एकदा पुढे, एकदा मागे, मग पुन्हा हीट गन. ‘‘घाई केली की रंग तडकतो, आणि तडकला की पावसाळ्यात गंज धरलाच समजा,’’ ते म्हणाले. कडेत दोन पत्रे एकत्र जोडलेले असतात, मध्ये सीलंट. ते फाटलं तर आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात पाणी आतच राहतं. काम झाल्यावर त्यांनी सीलंटचा नवा हात मारला आणि स्क्रूच्या जागी चपट्या डोक्याचा घातला. पुन्हा व्हाइटनर, पुन्हा तीच वरात. या वेळी पांढरी रेघ जशीच्या तशी.

बोल्टकडे फार जण दुर्लक्ष करतात. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं डोकं खाली गोलाकार असतं, बाहेरच्या बहुतेक अलॉयना निमुळतं लागतं. गोल बोल्ट निमुळत्या खाचेत धडपणे बसत नाही आणि पुढे सैल होतो. मी नवे बोल्ट घेतले. रिमचं मधलं भोक हबच्या 57.1 मिमीपेक्षा मोठं होतं म्हणून रिंगही घातल्या, आणि 120 न्यूटन-मीटरवर टॉर्क पान्याने आवळलं. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा तपासलं.

कायद्याचंही सांगतो. गाडीतल्या बदलांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत बदल नको असं बजावलं आहे. गाडीला हात लावण्याआधी आरटीओत विचारावं, विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. मी दोन्ही केलं.

स्प्रिंग बसल्यावर अलाइनमेंट करून घेतलं, कारण गाडी खाली आली की टो बदलतो आणि टायर आतून झिजतात. मग सगळ्यांना घेऊन खंबाटकीवरून साताऱ्याला गेलो. गाडी पूर्ण भरलेली, पाऊस चालू. मागून घासल्याचा आवाज एकदाही आला नाही.