विसाराचे पान

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला विसार हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माल ठरला, भाव ठरला, तारीख ठरली की गिऱ्हाईक काही रक्कम हातावर ठेवते आणि दुकानदार ती वहीत लिहून घेतो. पेठच्या आमच्या वडिलोपार्जित दुकानात विसाराचे पान वेगळे असे. वडील म्हणत, ‘हे पान लोकांचे आहे, आपण फक्त राखणदार.’ पुढे मी एम.कॉम. झालो, बँकेत नोकरी केली आणि तेच वाक्य हिशेबशास्त्राच्या भाषेत शिकलो. सेवा देण्यापूर्वी आलेली आगाऊ रक्कम गल्ल्यात दिसत असली, तरी ताळेबंदात ती ‘देणे’ या बाजूलाच लिहावी लागते. हा नियम मी शेकडो खातेदारांना समजावून सांगितला. तो मला स्वतःला पुरता उमगला, तो मात्र निवृत्तीनंतर, २०२० सालच्या साथीत.

त्या वर्षी ६ एप्रिलला महावीर जयंती होती. ती आटोपून ९ एप्रिलला आम्ही चौदा नातेवाइकांनी सम्मेदशिखराच्या यात्रेला निघायचे ठरवले होते. वीस तीर्थंकरांची ती निर्वाणभूमी. चढण, टोंकांची वंदना आणि उतरण मिळून सुमारे सत्तावीस किलोमीटरची वाट. मोठ्या वहिनींचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्यासाठी डोलीचीही चौकशी करून ठेवली होती. ‘भाऊजी, एकदा शिखरजी झाले की माझे सगळे झाले,’ असे त्या कित्येक वर्षे म्हणत. जानेवारीतच एजंटमार्फत मुंबई-रांची जाण्यायेण्याची विमानाची तिकिटे काढली. माणशी ९,४०० रुपये. पैसे गोळा करण्याचे आणि हिशेब ठेवण्याचे काम, बँकेतला माणूस म्हणून, साहजिकच माझ्याकडे आले.

मार्च उजाडला आणि रोगाच्या बातम्या जवळ येऊ लागल्या. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची साथ जागतिक महामारी असल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास काही विमान कंपन्यांनी तारीख बदलण्याचे शुल्क माफ केल्याच्या जाहिराती दिल्या. आमच्या मंडळींना वाटले, चला, प्रश्न मिटला. पण जाहिरातीचा बारीक मजकूर वाचणे ही माझी जुनी सवय. शुल्क माफ असले, तरी नव्या तारखेचे भाडे जास्त असल्यास फरक प्रवाशानेच भरायचा होता. शिवाय नवी तारीख कोणती निवडायची, हे त्या दिवसांत कोण सांगणार?

आमच्यापैकी एका चुलतभावाने घाबरून आपली दोन तिकिटे स्वतःच रद्द केली. जाण्याचे आणि येण्याचे रद्द-शुल्क कापून त्याला माणशी २,४०० रुपये परत मिळाले. सात हजार गेले. बाकी बारा जणांना मी थांबायला सांगितले. प्रवाशाने तिकीट रद्द करणे आणि कंपनीने उड्डाण रद्द करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात शुल्क कापले जाते. दुसऱ्यात सेवा देण्यास कंपनी असमर्थ ठरते, म्हणून ते कापण्याचा प्रश्न उद्भवू नये, असा माझा हिशेब होता. २४ मार्चच्या रात्री देशांतर्गत उड्डाणे थांबली आणि आमचे विमान कंपनीनेच रद्द केले. हिशेब बरोबर ठरला, असे मला वाटले.

तो अर्धाच बरोबर होता. शुल्क कापले गेले नाही, पण पैसेही आले नाहीत. त्याऐवजी ‘क्रेडिट शेल’ नावाची वस्तू आली. म्हणजे रक्कम कंपनीकडेच राहणार आणि पुढे कधी प्रवास केला, तर त्यात ती वळती होणार. १६ एप्रिलला केंद्रीय नागरी उड्डाण मंत्रालयाने पूर्ण परताव्याची सूचना काढली, तेव्हा मी आनंदाने सर्वांना फोन केले. सूचना पुन्हा वाचल्यावर पुन्हा फोन करावे लागले. ज्यांनी २५ मार्च ते १४ एप्रिल या टाळेबंदीच्या काळातच, त्या वेळच्या किंवा ३ मेपर्यंतच्या प्रवासासाठी तिकिटे काढली होती, त्यांच्यापुरतीच ती होती. आमच्यासारखे जानेवारीत पैसे भरून बसलेले लोक तीत बसत नव्हते.

मला सर्वाधिक खटकली ती वेगळीच गोष्ट. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे परताव्याविषयीचे नियम मी शोधून वाचले. परताव्याची रक्कम क्रेडिट शेलमध्ये ठेवायची की नाही, हे ठरविण्याचा अधिकार प्रवाशाचा आहे. कंपनीने परस्पर तसा प्रघात पाडू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. अमेरिकेच्या परिवहन खात्यानेही ३ एप्रिलला तिथल्या कंपन्यांना बजावले होते की, उड्डाण कंपनीने रद्द केले असेल, तर परतावा दिलाच पाहिजे. मी मुद्देसूद अर्ज लिहिला, नियमाचा आधार दिला आणि पाठवला. उत्तर आले: आपली रक्कम सुरक्षित आहे, पुढील प्रवासात ती जरूर वापरावी.

हे उत्तर आले तो जूनचा पहिला आठवडा होता. पेठला पावसाची चाहूल लागली होती. मी दुकानात पुतण्याजवळ बसून त्याला ते उत्तर वाचून दाखवत होतो आणि मोठ्या कंपन्यांच्या नीतीवर बोलत होतो. पुतण्याचा किराण्याबरोबर मंडप आणि भांडी भाड्याने देण्याचा धंदा आहे. एप्रिल-मे हा आमच्या भागात लग्नांचा हंगाम. त्या वर्षी तो संपूर्ण बुडाला होता.

इतक्यात जवळच्या पाड्यावरचा एक शेतकरी आला. निफाडकडे द्राक्षबागांत मजुरी करून, टाळेबंदीत कसाबसा घरी परतलेला. मुलीच्या लग्नासाठी त्याने फेब्रुवारीत मंडप आणि भांड्यांचा चार हजार रुपये विसार दिला होता. लग्न अंगणात दहा-पंधरा माणसांत उरकले. मंडप लागलाच नाही.

‘शेठ, भाताचं बियाणं घ्यायचंय, खताची गोणी घ्यायचीय. तेवढा विसार परत मिळाला तर बरं होईल.’

पुतण्या मऊपणे म्हणाला, ‘अहो, पैसे कुठे पळून जातात का? तुमच्या नावावर जमा आहेत. पुढच्या कार्यात वळते करून घेऊ.’

‘पुढचं कार्य कुठलं, शेठ? धाकटी अजून सातवीत आहे.’

माझ्या हातात कंपनीचे उत्तर तसेच होते. दोन्ही वाक्ये एकच होती. फरक इतकाच की, मी नियमाचा क्रमांक लिहून अर्ज करू शकत होतो. तो दाराशी चपला काढून उभा होता.

तो गेल्यावर मी पुतण्याला बोललो. त्याने दिलेले उत्तर मी प्रामाणिकपणे येथे नोंदवतो, कारण ते खोटे नव्हते. ‘काका, विसाराचे पैसे मी तिजोरीत ठेवलेले नाहीत. नवीन कापड घेतले, भांडी घेतली, माणसांना उचल दिली. एक रुपयाची कमाई नाही. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायला परवानगी दिली, पण व्याज चालूच आहे, हे तुम्हीच मला सांगितलेत. तेवीस जणांचा विसार आहे. सगळ्यांनी एकदम मागितला तर दुकान बंद करावे लागेल.’

विमान कंपन्यांचे म्हणणे याहून वेगळे नव्हते. विमाने जमिनीवर उभी, त्यांचे भाडे चालू, पगार चालू. सर्व प्रवाशांचे पैसे एकदम द्यायचे तर आणायचे कोठून? बँकेत राहिलेल्या माणसाला ही अडचण नाकारता येत नाही. सर्व ठेवीदार एकाच दिवशी दाराशी आले तर काय होते, हे मी जाणतो. मग पुतण्याला चूक म्हणायचे, तर नेमके कशासाठी?

त्या वर्षी पर्युषणात मंदिरे बंद होती. प्रवचन मोबाईलवर ऐकले. त्यात सत्य अणुव्रताचे अतिचार आले. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात त्यांपैकी एक सांगितला आहे: न्यासापहार. न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. टीकाकार त्याचा अर्थ फार बारकाईने सांगतात. ठेव ठेवणारा रक्कम विसरला आणि कमी मागू लागला, तर ‘हो, तेवढीच होती’ म्हणून उरलेली आपल्याकडे राखणे, हा न्यासापहार. येथे कोणी हिसकावून घेतलेले नाही. समोरच्याच्या दुबळेपणाचा नुसता लाभ घेतला आहे. म्हणूनच, मला वाटते, त्याची गणना चोरीच्या अतिचारांत न होता असत्याच्या अतिचारांत होते. ‘पैसे तुमच्या नावावर जमा आहेत’ असे म्हणताना, ते आता तुमच्या हातात नाहीत, एवढे आपण मनात ठेवतो.

दुसऱ्या दिवशी पुतण्या आपणहून माझ्याकडे आला. आम्ही दोघांनी विसाराचे पान काढले. पैसे नसणे हा दोष नव्हता. गिऱ्हाइकाला न विचारता त्याच्या वतीने ठरवणे हा दोष होता. म्हणून तेवीस जणांना एकेक फोन केला: ‘विसार ठेवायचा की परत हवा, तुम्ही सांगा. परत हवा असेल तर एकदम जमणार नाही, पण तारीख देतो.’ नऊ जणांनी ठेवा म्हटले. त्यांची लग्ने पुढे ढकललेली होती. चौदा जणांनी परत मागितला. भाताच्या बियाण्याचे चार हजार आम्ही त्या वेळी जूनमध्येच माझ्या पेन्शनमधून दिले होते, तेवढे पुतण्याने मला फेडले. उरलेल्यांना हप्त्याहप्त्याने दिले.

१ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवासी लीगल सेलच्या याचिकेवर निकाल दिला. टाळेबंदीच्या काळात काढलेल्या तिकिटांचा परतावा ताबडतोब द्यावा. बाकीच्यांना पंधरा दिवसांत देण्याचा सर्व प्रयत्न करावा. आर्थिक अडचणीमुळे ज्या कंपनीला ते शक्य नसेल, तिने ३१ मार्च २०२१ पर्यंतचे क्रेडिट शेल द्यावे. त्याचे मूल्य जून २०२० अखेरपर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि पुढे दरमहा पाऊण टक्का वाढवावे. ते कोणत्याही मार्गासाठी वापरता यावे, दुसऱ्या व्यक्तीच्या नावे करता यावे. माझ्यातला बँकवाला लगेच कागद घेऊन बसला: एप्रिल ते जून दीड टक्का, जुलै ते मार्च पावणेसात टक्के, ९,४०० रुपयांवर मार्चअखेर ७७५ रुपये ५० पैसे. अडचणीतल्या कर्जदाराला सवड, पण फुकट नव्हे. न्यायालयाने दोन्ही बाजूंचा विचार केला, असे मी आजही म्हणेन.

आमच्या कंपनीने क्रेडिट शेलचाच मार्ग धरला. मुदतीत आमच्यापैकी कोणी प्रवास करण्याच्या स्थितीत नव्हते. मुदत उलटल्यावर रक्कम एजंटकडे गेली आणि एजंटकडून माझ्याकडे यायला आणखी तीन महिने आणि अनेक फोन लागले. तिकिटांवर ई-मेल आणि मोबाईल क्रमांक एजंटचाच होता, त्यामुळे कंपनीचे निरोप आमच्यापर्यंत पोचतच नव्हते. ही चूक माझी.

मोठ्या वहिनी जानेवारी २०२१ मध्ये वारल्या. साथीने नव्हे, वयाने. त्यांचे ९,४०० रुपये जुलैमध्ये मी त्यांच्या मुलाच्या हाती दिले. तो म्हणाला, ‘काका, याचे आता काय करू?’ मला उत्तर सुचले नाही. क्रेडिट शेल देणारा असे गृहीत धरतो की, प्रवासी पुन्हा कधीतरी प्रवासाला निघेलच. कोणाचे पुढचे वर्ष कसे असेल, हे ज्याचे पैसे त्यालाही सांगता येत नाही. मग ज्याच्याकडे ते अडकले आहेत, त्याने कसे गृहीत धरावे? भावाच्या मुलाने ती रक्कम शेवटी शिखरजीच्या डोलीवाल्यांसाठी काढून ठेवली. २०२३ साली आम्ही नऊ जण रेल्वेने पारसनाथला गेलो, तेव्हा ती तेथे दिली.

यात्रेच्या तयारीत असलेल्या वाचकांसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. तिकिटावर स्वतःचा मोबाईल आणि ई-मेल द्यावा. उड्डाण रद्द होण्याची चिन्हे असतील, तर घाईने स्वतः तिकीट रद्द करू नये. शुल्क कापले गेलेच, तरी सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळते, ते मागावे. परतावा हवा की क्रेडिट, हे लेखी कळवावे. दाद मिळाली नाही तर एअरसेवा या सरकारी व्यवस्थेकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करता येते. ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.

आणि जे गल्ल्याच्या आतल्या बाजूला बसतात, म्हणजे आपल्यापैकी बहुतेक, त्यांच्यासाठी एकच. २०२० च्या दिवाळीला, महावीर निर्वाणाच्या दिवशी, आमच्या दुकानात नेहमीप्रमाणे वहीपूजन झाले. त्या वर्षी जुन्या वहीत नफ्याचा आकडा नव्हताच. नवी वही उघडण्याआधी पुतण्याने विसाराचे पान माझ्यासमोर ठेवले. चौदा नावांपुढे ‘परत दिले’ आणि तारीख होती. नऊ नावांपुढे ‘त्यांच्या सांगण्यावरून ठेवले’ असे लिहिले होते. मी ते पान शेवटपर्यंत तपासले आणि खाली सही केली.