नकाशात कुत्र्याची जागा

आज खोडव्याच्या खताबद्दल लिहायचं ठरवलं होतं, पण काल नव्या घराचा स्लॅब टाकून झाला, म्हणून आधी घराचं लिहितो. मळ्यात घर बांधायचा विचार असलेल्यांना उपयोगी पडेल.

इंजिनिअरकडून पहिला नकाशा आला तेव्हा त्यात हॉल, किचन, दोन बेडरूम, देवघर, गाडीची शेड असं सगळं होतं. आप्पांनी चष्मा लावून कागद बराच वेळ बघितला आणि विचारलं, "साहेब, वाघ्या रात्री कुठं झोपायचा?" साहेब हसले. आम्ही कोणी हसलो नाही.

आमचा भाग उत्तर पुणे जिल्ह्यातला, उसाचा. उसात बिबट्या आहे हे इथं पोराटोरांनाही ठाऊक आहे. वाघ्याच्या आधी आमच्याकडं मोत्या होता. दोन वर्षांपूर्वी तोड चालू होती, शेजारचा फड मोकळा झाला होता. मोत्या रात्री भुंकत थेट फडाकडं जायचा, म्हणून मीच त्याला ओट्याच्या खांबाला साखळीनं बांधला. काळजीपोटीच बांधला. त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची होती. पहाटे मोटर चालू करायला उठलो तर साखळी तिथंच, पट्टा तुटून पडलेला आणि ओट्यावर रक्त. घरात कुणाला भुंकल्याचा आवाजसुद्धा आला नव्हता. मोकळा असता तर पळाला असता, नाहीतर दारावर धडका तरी दिल्या असत्या. बांधल्यामुळं त्याला दोन्ही जमलं नाही. हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

नंतर एका अभ्यासाबद्दल वाचलं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा गोळा करून तो काय खातो ते तपासलं. २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के. शेळ्या तिथं कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास. मला तर कारण सरळ दिसतं. शेळ्या आपण रात्री कोंडतो. कुत्रं राखणीला म्हणून बाहेर ठेवतो.

म्हणून नकाशा बदलून घेतला. काय केलं ते सांगतो.

जिन्याखालची जागा साहेबांनी अडगळीला ठेवली होती, ती वाघ्याची केली. चार फूट बाय सहा फूट. उत्तरेची बाजू असल्यामुळं दुपारी तापत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंगातली उष्णता काढतं, त्यामुळं पत्र्याखाली बंद ठेवलं तर उन्हाळ्यात हाल होतात. दाराला नुसत्या उभ्या सळया लावायला मिस्त्री तयार होते. मी नको म्हटलं. सळईच्या फटीतून पंजा आत जातो. बारीक वेल्डमेश आतून-बाहेरून दोन्हीकडून मारली आणि कडी बाहेरून. दाराखाली फट ठेवली नाही, पाणी जायला कोपऱ्यात जाळीचं भोक आहे. समोरचं सगळं अंगण त्याला दिसतं आणि बरोबर वर आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी येते. म्हणजे राखण सुटत नाही. तो आतून भुंकेल, बॅटरी घेऊन उठायचं काम माझं.

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम धरली, दुपारचं ऊन जनावरांच्या अंगावर येत नाही. कमरेएवढी भिंत आणि वर थेट छपरापर्यंत जाळी. पाच-सहा फुटांवर जाळी संपवून वर मोकळं सोडू नका, बिबट्याला तेवढी उडी काहीच नाही. पण हवा खेळती राहावी म्हणून भिंत वरपर्यंत चढवू पण नका, कोंडलेल्या गोठ्यात अमोनियाचा वास साठतो. कोबा गुळगुळीत घोटू दिला नाही, ओला असतानाच खाचा पाडून घेतल्या. मागं घसरून आमच्या एका गाईचा पाय गेला होता. गव्हाणीपासून गटारीकडं चाळीस फुटाला एक फूट उतार दिला, मूत साचत नाही. गोठ्याच्या लाईटचं बटण आप्पांच्या उशाशी घेतलं.

फरशीवरून घरात वाद झाला. पोराला चकचकीत टाईल्स हव्या होत्या. ही म्हणाली, "अहो, त्या टाईल्सवर आप्पा पण घसरतील आणि कुत्रं पण." तिथं वाद मिटला. पडवीत खरखरीत शहाबादी आली.

मिस्त्री एकदा म्हणालेच, "मालक, कुत्र्यापायी एवढा खुटाटोप?" मी काही बोललो नाही. आप्पाच म्हणाले, "रात्री हा पाण्यावर जातो तेव्हा बरोबर कोण जातं, मिस्त्री?"

आता खरी अडचण सांगतो. वाघ्या वर्षाचा झालाय आणि त्याला कोंडायची सवय नाही. स्लॅबच्या आधीच ते दार बसवून घेतलं आणि महिनाभर रोज संध्याकाळची भाकरी आत ठेवतोय. आधी भाकरी तोंडात धरून बाहेर पळायचा. आता आत बसून खातो, पण कडी लावली की रडतो. आप्पा थोडा वेळ दारापाशी बाजेवर बसतात, मग गप्प होतो. तोड सुरू व्हायच्या आत सवय लागायला पाहिजे.

ग्रुपमधल्या पशुवैद्यक साहेबांनी सवय लावायची आणखी काही रीत असेल तर सांगावी. आणि बाकीच्यांनी एवढंच लिहा, तुमच्याकडं रात्री कुत्रं कुठं असतं? साखळीला असेल तर आज संध्याकाळी सोडा आणि आत घ्या. जिन्याखाली, पडवीत, कुठंही, पण दाराच्या आत.