मुक्कीचा मुक्काम

प्रवासास निघताना मनुष्य पाहावयाच्या स्थळांची मोठी यादी करतो. राहावयाच्या जागेचा विचार मात्र त्यास किरकोळ वाटतो. आमचेही तसेच झाले. गेल्या डिसेंबरात आम्ही आठ विद्यार्थी, आमचे गुरुजी आणि बाई असे दहाजण गोंदियाहून कान्हाचे अरण्य पाहावयास निघालो, तेव्हा आमच्या सहलीच्या वहीत पहिल्याच ओळीवर ठळक अक्षरांत ‘वाघ’ असे लिहिलेले होते. परत आलो तेव्हा त्या ओळीपुढची जागा कोरीच राहिली होती. शेवटच्या पानावर मात्र एका आंब्याच्या झाडाची नोंद होती. ती हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

गोंदियाहून आगगाडीने बालाघाट गाठावयास फारसा वेळ लागत नाही. पूर्वी या मार्गावर अरुंद रुळांची चिमुकली गाडी धावत असे. आता रूळ रुंद झाले आणि ती गाडी वडीलधाऱ्यांच्या आठवणींत उरली. वाटेत गुरुजींनी सांगितले की, बालाघाट जिल्हा 1867 साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बनविण्यात आला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आमचा मुलूख मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. नकाशावर रेघ पडली खरी, परंतु वैनगंगा ती रेघ जाणत नाही. शिवनी जिल्ह्यात उगम पावून, बालाघाटाला पाणी पाजून ती आपल्या भंडाऱ्याकडे येते आणि पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते.

बालाघाट म्हणजे घाटावरील प्रदेश. या नावाची सार्थकता बैहरच्या रस्त्यावर पटली. भातखाचरांचा सपाट मुलूख मागे पडला, गाडी गांगुलपाऱ्याच्या बाजूने डोंगर चढू लागली आणि उकव्याच्या मँगनीजच्या खाणी ओलांडल्यावर थंडी एकाएकी अंगाला झोंबू लागली. दुतर्फा सालाची उंच, सरळ झाडे! सागवानाच्या सहवासात वाढलेल्या आमच्या डोळ्यांना ते गर्द हिरवे वन अगदी नवे होते. आमच्यातील एक मित्र घरी पोवारी बोलतो. गाडीचे चालकही पोवारीच निघाले. झाले! दोघांच्या गप्पा अशा रंगल्या की, एखादे हरवलेले नातेच सापडले असे वाटावे.

ही ओळख लवकरच कामास आली. मुक्कीजवळ ज्या ठिकाणी आमच्या खोल्या राखून ठेविल्या होत्या, तेथे आमच्या नावाची नोंदच सापडेना. नाताळची सुट्टी असल्याने सर्वत्र गर्दी होती. दिवेलागण झालेली, बाई चिंतातुर, आम्ही गारठलेले. चालकदादा क्षणभर थांबून म्हणाले, “गुरुजी, पलीकडच्या गावात माझ्या ओळखीचे एक घर आहे. पाहुणे ठेवतात. घर साधे आहे, माणसे चांगली आहेत.”

घर एका गोंड कुटुंबाचे होते. कौलारू छप्पर, शेणाने सारवलेले स्वच्छ अंगण, मातीच्या भिंतींवर बोटांनी उमटविलेली नक्षी. साठी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे असा परिवार. जेवणात वाफाळलेला भात, उडदाची डाळ आणि पाट्यावर वाटलेली टोमॅटोची चटणी होती. भूक इतकी लागली होती की, कोणी काही बोलले नाही. परंतु पोट भरल्यावर आमच्या जिभा सैल झाल्या. गरम पाणी नळाला येत नाही, न्हाणीघर अंगणापलीकडे आहे, खाटा अपुऱ्या आहेत. एक ना दोन! “हे कसले राहण्याचे ठिकाण?” असे आमच्यापैकी एकजण चांगले मोठ्याने म्हणाला. मराठी येथे कोणास कळते, असा आमचा समज होता. तो खोटा होता, हे आजींच्या चेहऱ्यावरून तत्काळ समजले. त्या मात्र काही न बोलता आत गेल्या आणि आणखी चार पांघरुणे घेऊन आल्या. उष्ण कटिबंध म्हणजे सदैव उकाडा, हे आमचे भूगोलाचे ज्ञान. पण येथील कुरणांवर डिसेंबरात दहिवर गोठते. पहाटे उठून पाहतो तो आजींचे सारे घर चुलीभोवती अंग चोरून बसलेले! त्यांची पांघरुणे आमच्या अंगावर होती.

आम्ही शरमलो. चहा घेताना आजींनी विचारले, “आत जाता ना? मग माझे एक काम कराल? आत तळ्याकाठी आमचे गाव होते. मी त्या गावात जन्मले. आमच्या आज्याने लावलेला आंबा तेथे आहे. तळ्याच्या उगवतीला, एकटाच. उभा आहे की पडला, तेवढे पाहून या.”

“तुम्ही का जात नाही, आजी?” आम्ही विचारले.

“जायला परवाना लागतो, गाडी लागते,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आम्ही तेथे पायी फिरत होतो.”

आम्ही मोठ्या उत्साहाने वचन दिले आणि सूर्योदयाला फाटकातून आत गेलो.

त्या प्रभातीचे काय वर्णन करावे! कुरणावर धुक्याचा पडदा, त्यातून कोवळी किरणे आणि गुडघाभर गवतात बारशिंग्यांचा कळप! भरदार मानेचा एक नर शिंगांवर गवताचे तुरे मिरवीत उभा होता. वाटाड्यांनी सांगितले की, बारशिंग्याची अन्य जात दलदलीत राहते. कान्हाची जात मात्र कठीण भूमीवर वावरते, म्हणून तिचे खूर टणक असतात. गवत हेच तिचे अन्न आणि उंच गवत हाच तिच्या पाडसांचा आसरा. कान्हा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले. तरीही 1970 मध्ये येथे अवघे 66 बारशिंगे उरले होते. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. आतील गावे बाहेर हलविली, शेतांची कुरणे झाली, बारशिंग्यांसाठी कुंपणाचा सुरक्षित वाडाही केला. आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे आणि 2015 पासून काहींना सातपुड्याच्या अरण्यातही नेऊन सोडले आहे.

शेतांची कुरणे झाली! हे वाक्य ऐकताना आम्हांस आजींची आठवण व्हावयास हवी होती. परंतु त्याच क्षणी दूरवर चितळाने इशाऱ्याची हाक दिली, “वाघ!” असा शब्द तोंडातोंडी पसरला आणि गाड्या धूळ उडवीत धावल्या. बांबूच्या एका बेटापाशी आम्ही श्वास रोखून तासभर बसलो. दिसले ते मऊ धुळीतील पावलांचे ठसे. परतण्याची वेळ झाली. आंब्याची आठवण झाली तेव्हा आम्ही फाटकाबाहेर होतो.

आजी दारातच उभ्या होत्या. “आहे का?” त्यांनी विचारले.

“आहे, आजी! चांगला हिरवागार आहे!” आमच्यातील एकजण बोलून गेला आणि आम्ही बाकीच्यांनी माना डोलविल्या. आजी किंचित हसल्या व आत गेल्या. त्या रात्री पांघरुणे पुरेशी होती, तरी झोप कोणास आली नाही.

पहाटे आम्ही आठहीजण चुलीपाशी गेलो आणि सारे खरे सांगितले. आजी पेज ढवळीत होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “हिरवागार म्हणालात, तेव्हाच मला कळले. त्या आंब्यावर वीज पडली होती. त्याची एक बाजू जळून काळी झाली आहे. पाहिले असते, तर तेच आधी सांगितले असते.” मग पेजेचे वाडगे पुढे सरकवीत म्हणाल्या, “आता खरे बोललात. बसा, पेज प्या.”

गुरुजींनी ठरल्याप्रमाणे भाडे चुकते केले. परंतु त्या पांघरुणांचे आणि त्या पेजेचे भाडे अद्याप आमच्याकडे थकलेले आहे. बारशिंगे वाचले, याचा आनंद आम्हांस मनापासून आहे. त्यासाठी कोणी आपले अंगण सोडले, हेही त्या आनंदाबरोबर लक्षात ठेवावे, एवढे आम्ही शिकलो.

पुढील वर्षी ज्या विद्यार्थिबंधूंची व भगिनींची कान्हाच्या सहलीसाठी निवड होईल, त्यांना आमची एकच विनंती आहे. वाघ दिसो वा न दिसो, तळ्याकाठी गाडी क्षणभर थांबवा. उगवतीच्या बाजूस, एका अंगाने जळालेला आंबा उभा आहे की नाही, ते नीट पाहा. आणि जे दिसेल तेच आजींना सांगा.